स्विंडनला दोन मुक्काम: आधी वस्ती, मग वर्कशॉप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहता, सप्टेंबरअखेर आई-बाबा येताहेत. बाबा परळ वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, रेल्वे म्हणजे जीव की प्राण. आईंना इंजिनांत रस नाही, शिवाय गुडघे दुखतात. शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ एवढाच वेळ हातात आहे. यॉर्कला न्यावं की स्विंडनला? आणि स्विंडनला म्युझियम सोडून बघायला आहे तरी काय?

मी वीसहून अधिक वर्षं इथे मराठी कुटुंबांच्या छोट्या सहली आखतो. दोन्ही गावांना लोकांना नेलंय. माझं उत्तर स्पष्ट आहे: तुमच्या बाबांसाठी स्विंडन.

यॉर्क वाईट आहे असं अजिबात नाही. तिथलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय मोफत आहे. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं 'मॅलार्ड' त्याच संग्रहातलं. शिवाय कॅथेड्रल, तटबंदी, जुन्या गल्ल्या. पण रीडिंगहून यॉर्क म्हणजे गाडी बदलून जाण्यातच अर्धा दिवस आणि येण्यात अर्धा. उरलेल्या वेळात धावपळ होईल आणि आईंच्या गुडघ्यांना ती सोसणार नाही. स्विंडन रीडिंगहून अर्ध्या तासावर आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. यॉर्क हे रोमनांपासूनचं शहर, रेल्वे तिथे नंतर आली. स्विंडनचा टेकडीखालचा सगळा भाग मात्र रेल्वेनेच वसवला. तो बघताना ज्याने आयुष्यभर वर्कशॉपचा भोंगा ऐकलाय त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, बाबांना गाडीत सांगायला उपयोगी पडेल. ब्रुनेलने लंडन ते ब्रिस्टल अशी ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधली, ती १८४१ साली पूर्ण सुरू झाली. इंजिनांचा प्रमुख डॅनियल गूच. १८३७ मध्ये नेमणूक झाली तेव्हा त्याला एकविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. दुरुस्तीचा कारखाना कुठे काढायचा, हा प्रश्न होता. लंडनपासून स्विंडनपर्यंतचा मार्ग जवळजवळ सपाट आहे आणि पुढे ब्रिस्टलकडे चढ-उतार लागतात. म्हणजे इंजिन बदलायला हीच जागा सोयीची. चेल्टनहॅमकडे जाणारा फाटा इथेच फुटतो, आणि जवळून कालवा जात असल्यामुळे कोळसा आणता येत होता. ब्रुनेलने जेवताना सँडविच फेकलं आणि ते पडलं तिथे कारखाना उभारला, अशी दंतकथा तुम्हाला कुणीतरी नक्की ऐकवेल. ऐकून घ्या, पण खरी कारणं घाट आणि कोळसा हीच. आपल्याकडे घाटाच्या पायथ्याशी कर्जतला बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, का लावतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ती लगेच पटतील.

कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ च्या मार्चमध्ये बंद पडला. भर जोमात होता तेव्हा तिथे १४,००० हून अधिक माणसं कामाला होती.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा मी गट घेऊन गेलो तेव्हा सरळ म्युझियममध्ये शिरलो. तीन तासांनी सगळे दमले, बाहेर पाऊस लागला आणि कामगारांची वस्ती बसच्या काचेतूनच बघून झाली. त्या गटात भुसावळचे एक निवृत्त गार्ड होते. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "इंजिनं बघितली, पण ती बनवणारी माणसं राहायची कुठे ते राहूनच गेलं." तेव्हापासून मी क्रम उलटा केलाय. आधी वस्ती, मग त्यांच्याच वाटेने कारखान्यात. तुम्हीही तसंच करा.

शुक्रवारी दुपारी तीन-साडेतीनपर्यंत स्विंडनला उतरा. सप्टेंबरअखेर सातच्या सुमारास अंधारतं, तेव्हा वेळ पुरेसा मिळतो. उतरल्यावर घाई करू नका, फलाटावरच थोडं थांबा. या स्टेशनात एकेकाळी प्रत्येक गाडी दहा मिनिटं थांबायची, कारण तसा करारच होता. कंपनीकडे पैसे कमी होते, म्हणून ठेकेदारांनी स्टेशन आणि कामगारांची घरं स्वतःच्या खर्चाने बांधून दिली. बदल्यात त्यांना ९९ वर्षांसाठी खानपानगृह चालवायचा हक्क आणि दहा मिनिटांच्या थांब्याची हमी मिळाली. या थांब्यापायी पुढे वेगवान गाड्यांचं वेळापत्रक अडून बसलं आणि शेवटी १८९५ मध्ये कंपनीला एक लाख पौंड मोजून तो करार सोडवून घ्यावा लागला. तिथली कॉफी इतकी वाईट होती की खुद्द ब्रुनेलने खानपानगृह चालवणाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं. १८४२ च्या त्या स्टेशनाचा काही भाग फलाटावर अजून उभा आहे.

स्टेशनबाहेर पडून रुळांच्या कडेने पश्चिमेकडे पाच-दहा मिनिटं चाललात की रेल्वे व्हिलेज येतं. वाट सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. सुमारे ३०० दगडी घरं, एकमेकांना चिकटून, सरळ ओळींत. रस्त्यांची नावं वाचत चला: ब्रिस्टल, एक्झिटर, टॉन्टन, लंडन, ऑक्सफर्ड, रीडिंग. गाड्या जिथे जायच्या त्या गावांची नावं. तुमचं स्वतःचं गावही त्यात सापडेल, त्या पाटीखाली आईंचा फोटो काढा. ओळीच्या टोकाची घरं जरा मोठी दिसतील, ती फोरमनची. मधली लहान घरं कामगारांची. क्वार्टरच्या आकारावरून हुद्दा ओळखायची रीत तुमच्या बाबांना नवी नाही. घरांच्या मागच्या बोळांतूनही एक चक्कर मारा. तिथली छोटी अंगणं बघून कुटुंबं किती दाटीत राहात असतील याचा अंदाज येतो. १९६६ मध्ये नगरपालिकेने ही वस्ती विकत घेतली आणि आजही तिथे लोक राहतात. म्हणून खिडक्यांतून डोकावणं टाळा, आवाज बेताचा ठेवा. फॅरिंगडन रोडवरचं एक घर १९०० च्या सुमारास जसं असे तसं मांडून ठेवलंय, पण ते ठरावीक दिवशीच उघडतात. तारीख जुळली तर आईंना तेच सगळ्यात आवडेल: चूल, कपडे धुवायची जागा, एका खोलीत मावणारा संसार.

वस्तीच्या मध्यावर एम्लिन स्क्वेअर आहे. तिथे मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनची मोठी इमारत दिसेल. १८५५ ची, आता बंद आणि पडझड झालेली. बाहेरूनच बघायची, पण इथे बाबांना थोडा वेळ द्या. वाचनालय, नाट्यगृह, व्याख्यानं, संध्याकाळचे वर्ग, सगळं कामगारांनी इथे चालवलं. आपल्याकडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम, नाटकं आणि गणपती ज्याने अनुभवलेत त्याला या ओसाड खिडक्यांकडे बघून काय वाटेल, ते मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. मलाही दर वेळी वाईट वाटतं. अशी वास्तू इतकी वर्षं नुसती उभी राहू द्यायला नको होती.

याच संस्थेने १८४९ पासून 'ट्रिप' सुरू केली. पहिल्या खेपेला सुमारे ५०० माणसं खास गाडीने ऑक्सफर्डला गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुलैमधल्या एकाच दिवशी २०,००० हून अधिक माणसं मुलाबाळांसकट खास गाड्यांनी समुद्रकाठी जायची आणि मागे गाव रिकामं पडायचं. प्रवास फुकट, पण कित्येक दशकं त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. वर्षभर पैसे साठवायचे तेव्हा कुठे ट्रिपला जायचं. बाबांना त्यांचे रेल्वे पास आठवतील. तुम्ही लहान असताना पासावर कुठे कुठे गेला होतात, ते त्याच चौकात बसून त्यांना विचारा.

चौकाजवळच औषधालयाची आणि स्नानगृहांची १८९२ ची लाल विटांची इमारत आहे. १८४७ मध्ये कामगारांनी वैद्यकीय निधी काढला. दर आठवड्याला पगारातून थोडे पैसे कापले जायचे आणि त्यातून डॉक्टर, औषधं, पुढे रुग्णालय, दाताचे उपचार, पोहण्याचे तलाव, बाष्पस्नान असं सगळं कुटुंबाला मिळायचं. अपघातात हात-पाय गेलेल्यांसाठी कृत्रिम अवयव कारखान्यातच घडवले जात. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये आली, म्हणजे या निधीनंतर शंभर वर्षांनी. तिचा नमुना आमच्याच गावचा, असं स्विंडनकर अभिमानाने सांगतात आणि त्यात तथ्य आहे.

संध्याकाळी जेवणाचं काय, हा तुमच्या आईंचा पहिला प्रश्न असेल. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं मोठ्या संख्येने राहतात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर, ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा, हजारो गोवेकर इथे आले आणि गोदामांत, कारखान्यांत कामाला लागले. बसमध्ये, दुकानात कोंकणी सहज कानावर पडते. त्यामुळे भारतीय किराणा, नारळाचं जेवण, मासे मिळायला अडचण नाही. मात्र पूर्ण शाकाहारी असाल तर हॉटेलात आधी फोन करून विचारा. पबमध्ये खायचं असेल तर लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं.

मुक्काम स्टेशनजवळ घ्या. वरच्या ओल्ड टाऊनमधली जागा जास्त छान असते, पण चढ आहे आणि सामान घेऊन गुडघेदुखीच्या माणसाला तो नको. स्विंडन हे कामानिमित्त येणाऱ्यांचं गाव आहे, त्यामुळे शुक्रवार-शनिवारचे दर बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवसांपेक्षा कमी असतात. खोली घेताना लिफ्ट आहे का, हे फोनवर विचारूनच घ्या. एकदा मी संकेतस्थळावर विसंबलो आणि पंचाहत्तरीच्या आजींना तीन जिने चढावे लागले.

शनिवार सकाळ ही या सहलीचा गाभा. न्याहारी करून पुन्हा एम्लिन स्क्वेअरला या. समोरच रुळांखालून जाणारा बोगदा आहे. वस्ती रुळांच्या एका बाजूला, कारखाना दुसऱ्या बाजूला. भोंगा झाला की हजारो माणसं याच बोगद्यातून आत शिरायची आणि सुटी झाली की याच बोगद्यातून घरी. गावात कारखान्यात नोकरी करण्याला 'इनसाइड' म्हणत. बाप इनसाइड, मुलगा इनसाइड. टॅक्सीने थेट म्युझियमच्या दारात उतरता येतं, पण ते करू नका. बोगद्यातून चालत जा आणि बाबांना दोन पावलं पुढे जाऊ द्या. डोक्यावरून गाडी गेली की आवाज घुमतो. पलीकडे बाहेर पडलात की तुम्ही कारखान्याच्या आवारात आलात. तिथून म्युझियम दहा मिनिटांवर.

म्युझियमचं नाव 'स्टीम'. १९६२ पासून रेल्वे संग्रहालय वस्तीतल्या एका जुन्या इमारतीत होतं, २००० मध्ये ते कारखान्याच्या खऱ्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या इमारतीत, आलं. तिकीट आहे, आधी काढून ठेवा. उघडायच्या वेळीच पोहोचा, कारण दुपारी लहान मुलांची गर्दी होते. सुरुवातीचा भाग इंजिनांचा नाही, कामाचा आहे: भांडार, ओतशाळा, बॉयलरशॉप, यंत्रशाळा, हजेरीचे पितळी बिल्ले. लोक इथून घाईने पुढे इंजिनांकडे पळतात. तुम्ही पळू नका. तुमच्या बाबांचा वेळ इथेच जाणार आहे आणि जाऊ द्या. अवजारं बघून ते त्यांची मराठी नावं सांगू लागतील. ती फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. परळच्या शॉपमधली ती भाषा पुढे कुठे ऐकायला मिळेल, सांगता येत नाही.

पुढे 'केअरफिली कॅसल' हे १९२३ चं इंजिन आहे. त्याच्या खालच्या पिटमधून, म्हणजे रुळांमधल्या खड्ड्यातून, चालत जाता येतं. फिटरला इंजिन खालूनच खरं दिसतं. एकदा दापोडीहून आलेले एक काका त्या पिटमध्ये वीस मिनिटं मान वर करून उभे होते, आणि त्यांच्या पत्नी वर बाकावर बसून शांतपणे वाट बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "तीस वर्षं हे काय काम करतात ते आज कळलं." म्हणून आईंनाही पिटमध्ये न्या, दोन मिनिटांसाठी का होईना.

'नॉर्थ स्टार'ची प्रतिकृतीही बघा. मूळ इंजिन १९०६ मध्ये मोडीत काढलं, मग हळहळ वाटून १९२५ मध्ये त्याचे उरलेले काही भाग वापरून ही प्रतिकृती केली. तिच्या चाकांमधलं अंतर पाहून बाबा थबकतील. ब्रुनेलचा गेज सात फूट पाव इंच, म्हणजे २१४० मिलिमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ आणि इथला आजचा १४३५. रुंद गेजवर गाड्या वेगाने आणि स्थिर धावायच्या, पण इतर कंपन्यांचे रूळ अरुंद. जिथे दोन गेज भेटायचे तिथे माल आणि प्रवासी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागत. अखेर मे १८९२ मध्ये उरलेला रुंद मार्ग बदलला आणि शेकडो इंजिनं, डबे स्विंडनच्या सायडिंगमध्ये येऊन उभे राहिले. मिरजेला किंवा मनमाडला गेजबदलाच्या आधी गाडी बदललेली माणसं हा त्रास ओळखतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण प्रत्येक गटात कुणीतरी विचारतं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली इंजिनं स्विंडनची नव्हेत. ती लँकेशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीची. स्विंडनने मुख्यतः स्वतःच्या रेल्वेसाठी इंजिनं बनवली. ब्रिटिश रेल्वेसाठीचं शेवटचं वाफेचं इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', १९६० मध्ये इथूनच बाहेर पडलं. ते आणि इतर मोठी इंजिनं राष्ट्रीय संग्रहात असल्यामुळे या म्युझियममधून त्या म्युझियममध्ये फिरत असतात. बाबांना एखादं विशिष्ट इंजिन बघायचं असेल तर निघण्याआधी ते कुठे आहे याची खात्री करून घ्या.

दुपारी शेजारच्या आउटलेटमध्ये जेवा. कारखान्याच्याच इमारतींत १९९७ पासून दुकानं थाटली आहेत. खरेदी केली नाही तरी चालेल, पण छताखालचे लोखंडी खांब आणि तुळया बघून या. त्यानंतर हॉटेलवर जाऊन झोप. संध्याकाळी टॅक्सीने ओल्ड टाऊनला जा, तिथली टाऊन गार्डन्स ही जुनी बाग आईंना आवडेल. शनिवारी यापेक्षा जास्त काही कोंबू नका.

रविवारी दोन पर्याय आहेत. डिडकॉटचं रेल्वे सेंटर, किंवा एव्हबरी. डिडकॉटला स्टेशनला लागूनच १९३२ ची जुनी शेड आहे, इंजिन वळवायचं टर्नटेबल आहे, चालती इंजिनं आहेत. बाबा खूश होतील. तरीही मी एव्हबरी सांगेन. डिडकॉट तुमच्या घरापासून पाव तासावर आहे, बाबांना पुढच्या कुठल्याही शनिवारी नेता येईल. हा रविवार आईंचा असू द्या.

एव्हबरी स्विंडनहून साधारण अठरा किलोमीटरवर आहे. साडेचार हजार वर्षांहून जुनं शिलावर्तुळ, इतकं मोठं की गावाचा काही भाग त्याच्या आतच वसलाय. स्टोनहेंजला दोरीपलीकडून बघावं लागतं, इथे दगडांना हात लावता येतो, टेकून बसता येतं. मधेच मेंढ्या चरत असतात. जमीन बरीचशी सपाट, पण गवत ओलं असतं, तेव्हा आईंना चांगली पकड असलेले बूट द्या. चपला नकोत. वेस्ट केनेटचं थडगं चढावर आहे, ते सोडा. ४९ नंबरची बस जाते, पण रविवारी फेऱ्या कमी असतात. परतीची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर सरळ टॅक्सी ठरवा.

बाथचा मोह होईल, कारण तेही अर्ध्या तासावर आहे. पण त्याला पूर्ण दिवस लागतो.

तिकिटांचं. रीडिंग ते स्विंडन एकसंध तिकिटापेक्षा रीडिंग ते डिडकॉट आणि डिडकॉट ते स्विंडन अशी दोन तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात. त्याच गाडीत बसून राहायचं, फक्त ती गाडी डिडकॉटला थांबणारी हवी. दोन्ही पर्यायांचे दर बघूनच घ्या. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, एक तृतीयांश सूट मिळते, वर्षभर चालतं आणि स्टेशनवर पासपोर्ट दाखवून घेता येतं. सकाळच्या गर्दीच्या वेळी काही मार्गांवर ते चालत नाही, पण तुम्ही दुपारी निघताय. आणि रविवारी परतीच्या मार्गावर रुळांचं काम नाही ना, हे आठवडाभर आधी आणि पुन्हा शनिवारी रात्री बघा. इथे अशी कामं शनिवार-रविवारी काढतात आणि गाडीऐवजी बस देतात. एकदा माझा गट अशा बसमध्ये अडीच तास अडकला होता आणि त्यात औषधाच्या वेळा असलेली माणसं होती. औषधं सामानात न ठेवता आईंच्या हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटचं एक. बाबांकडे परळचा जुना बिल्ला, ओळखपत्र किंवा शॉपमधल्या सहकाऱ्यांबरोबरचा फोटो असेल तर मुंबईहून निघताना आणायला आजच सांगा. स्टीममध्ये काही स्वयंसेवक स्वतः त्या कारखान्यात काम केलेले असतात, आता वयस्कर झालेत. त्यांना तो फोटो दाखवा आणि तुम्ही दुभाषी म्हणून मधे उभे राहा. बाबांचं इंग्रजी कमी असलं तरी चालेल. व्हॉल्व्ह, पिस्टन, बुश, गॅस्केट हे शब्द दोघांचेही सारखेच आहेत.